उजव्या हाताचं कारण

डॉक्टर सेल्वनायगम यांनी कागदावर लिहिलं, 'लहानपणी मोडलेलं उजव्या दंडाचं हाड, वाकडं जुळलेलं. सध्याचा खांद्याचा आखडलेपणा त्यामुळेच,' आणि खाली तारीख घालून सही केली. मी तो कागद घेऊन त्यांच्या टेबलापाशी तशीच उभी राहिले. 'त्यामुळेच' या एका शब्दासाठी मी अकरा वर्षं अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मागे लागले आहे. ते लोक चार पानं लिहितात, रक्तदाब लिहितात, आजीबाईंनी कोणती मांजर पाळली आहे तेही लिहितात. पण अमुक दुखणं अमुक जुन्या इजेमुळे आहे एवढं एक वाक्य त्यांच्या हातून सुटत नाही. आणि इथे तिरुचीत तिल्लैनगरातल्या एका बोळातल्या डॉक्टरने, मी न विचारता, एका ओळीत सगळं लिहून दिलं होतं. आनंद व्हायला हवा होता. पण हात माझ्या वडिलांचा, अप्पांचा होता, आणि तो कशामुळे गेला हे मला सहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. 'डॉक्टर, लहानपणी नाही,' मी म्हटलं, 'बत्तीस वर्षांपूर्वी. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते.' डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो पुन्हा दिव्यावर लावला. 'हाड वाढायचं थांबण्याआधी मोडलंय हे. म्हणून दंड आखूड राहिलाय, दोन बोटं तरी. मोठ्या माणसाचं मोडलं तर असं होत नाही. बारा-तेरा वर्षांचे असतील. काय हो मास्टर?' अप्पा शर्टाची डावी बाही चढवत होते. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, 'असेल.'

असेल. बसस्टॉपवर, बसमध्ये, त्यांना उरैयूरला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर उतरवून मी तशीच ऑफिसला गेले तेव्हाही, हा एवढासा शब्द माझ्या कानात होता. अप्पा 'असेल' म्हणणारे गृहस्थ नाहीत. तीस वर्षं त्यांनी टाइपिंगचा क्लास चालवला, तमिळ आणि इंग्रजी, लोअर आणि हायर. एका पानात तीन चुका निघाल्या तर पान फाडायला लावायचे. त्यांच्या जगात गोष्ट एकतर असते किंवा नसते. शिवाय त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. आणि मला भलतीच गोष्ट आठवत राहिली. आमचे शिंपी कादरभाई दर दिवाळीला अप्पांचे शर्ट शिवतात, आणि उजवी बाही दोन बोटं आखूड ठेवतात. मला वाटायचं हात सरळ होत नाही म्हणून तसं करतात. शिंप्याला दंड आखूड असल्याचं कळलं होतं. रोज सकाळी तो शर्ट त्यांच्या अंगात चढवणाऱ्या मला कळलं नव्हतं, आणि मी म्हणे माणसांच्या जुन्या इजा ओळखण्याचा पगार घेते.

माझं काम काय, हे अप्पा गल्लीत लोकांना सांगतात ते असं: 'शेंबा अमेरिकेतल्या लोकांचे हातपाय मोजते.' फारसं चुकीचं नाही. तिकडचा डॉक्टर रोग्याला तपासून जे लिहितो ते इथे तिरुचीत आमच्या पडद्यावर येतं, आणि त्यातल्या प्रत्येक दुखण्याला नेमून दिलेला अक्षरं-आकड्यांचा एक कोड आम्ही शोधून लावतो. मी जुन्या इजांच्या टेबलावर आहे. जखम भरली, हाड जुळलं, प्लास्टर निघालं, आणि तरी काहीतरी मागे उरलं, ते माझ्याकडे येतं. आधी आजचं दुखणं लिहायचं, मग ते जिच्यातून उरलं ती जुनी इजा, आणि तिच्या शेवटी एक अक्षर, की ही इजा आता संपली आहे, हे फक्त तिचं उरलेलं आहे. याला मुदत नसते. इजा काल झालेली असो की साठ वर्षांपूर्वी, उरलेलं ते उरलेलं. नवीन असताना मला हा नियम फार आवडला होता, अजून आवडतो. एका बाईला सहा वर्षांची असताना शेजाऱ्यांचा कुत्रा चावला होता, आता ती एकसष्ट वर्षांची आहे आणि हसताना तिचा वरचा ओठ ओढला जातो. पंचावन्न वर्षांपूर्वीचा तो कुत्रा मी परवा नोंदवला. एक म्हातारबाबा तरुणपणी धान्याच्या कोठारावरून पडलेले. दर सहा महिन्यांनी त्यांचं खुब्याचं दुखणं माझ्याकडे येतं, आणि आलं की मला बरं वाटतं, म्हणजे आहेत अजून. नावं बाहेर सांगायची नसतात, सांगणार नाही. पण ही माझी माणसं आहेत. त्यांना माझा पत्ता नाही आणि त्यांचं कुठे काय दुखतं ते मला पाठ आहे.

त्या दुपारी यास्मिनचं काम माझ्याकडे तपासायला आलं. ती आमच्याकडे सहाच महिन्यांची आहे, हुशार आहे, घाई करते. एका माणसाचा गुडघा आखडला होता. त्याच पानावर खाली लिहिलं होतं की दहा वर्षांपूर्वी त्याच्या गाडीला अपघात झाला. यास्मिनने दोन्ही जोडून टाकलं होतं. मी तिला बोलावलं. 'डॉक्टरांनी लिहिलंय, अपघातामुळे म्हणून?' 'अक्का, दोन्ही एकाच पानावर आहे. गाडी आदळली, गुडघा आखडला. दुसऱ्या कशाने होणार?' 'लिहिलंय का?' 'लिहायला कशाला हवं, दिसतंय की.' हे ऐकलं की मी एक ठरलेलं भाषण देते. पान एकच आहे म्हणून नातं जोडू नका. तुम्हाला दिसतंय हे कारण नाही. डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना उत्तर त्यांच्या तोंडात घालू नका. तीन-चार पर्याय द्या, त्यात 'दुसरं काही' आणि 'सांगता येत नाही' हे दोन असलेच पाहिजेत. दर नवीन मुलीला मी हे सांगते, चेहरा कडक करून सांगते. त्या दिवशी मी तोंड उघडलं आणि भाषण आलंच नाही. यास्मिन वाट बघत उभी राहिली. मग म्हणाली, 'अक्का, बरं नाही का? रसम आणू?' मी म्हटलं, जागेवर जा, बघते मी.

कारण मला तरी कोणी लिहून दिलं होतं? मी डोळे मिटले की तो आडी महिन्याचा अठरावा दिवस दिसतो, कावेरीच्या पुराच्या पूजेचा. कावेरीला पूर, घाटावर मुंगीला शिरायला जागा नाही, बायकांच्या हातात हळदीचे दोरे, पानांत कापूर, डब्यांत लिंबाचा भात आणि चिंचेचा भात. आई आणि अप्पा खालच्या पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात. मी वर ओट्यावर, नवा परकर नेसलेली, विड्याच्या पानावर लावून पाण्यात सोडलेला माझा कापूर कुठवर गेला ते बघायला वाकलेली. मग पाय निसटला. मग काहीच नाही, आणि मग पाठीवर एक पकड, चोळीचं कापड गळ्याशी आवळलेलं, तोंडात मातकट पाणी. आणि एक आवाज, ओली काठी मोडावी तसा. तो आवाज मी खरंच ऐकला, की नंतर इतक्यांनी इतक्यांदा सांगितला म्हणून ऐकला, हे मी त्या दुपारी पहिल्यांदा स्वतःला विचारलं. घरी आल्यावर अप्पांचा हात महिनाभर झोळीत होता. झोळी निघाली तरी हात खांद्याच्या वर जाईना. गल्ली यायची, बघायची, माझ्या गालावरून हात फिरवायची आणि म्हणायची, 'पोरीसाठी हात दिला मास्टरने. लक्षात ठेव गं, शहाण्यासारखी वाग.' मी लक्षात ठेवलं. मी इतकं लक्षात ठेवलं की आमच्या घरात सगळं खाली आहे. अकराव्या वर्षी आई गेली, घर माझ्या हाती आलं, आणि मी एकेक करून सगळे खिळे उपटले आणि अप्पांच्या छातीच्या उंचीवर ठोकले. फळ्या खाली, आरसा खाली, देव खाली, कॅलेंडर खाली. भांग पाडताना मी गुडघ्यात वाकते. पाहुणे आले की विचारतात, इथे लहान मुलं आहेत का?

शहाण्यासारखी वागले म्हणजे काय केलं, तेही सांगते. रेजिना मॅडम माझ्या वरिष्ठ. त्यांनी चेन्नैच्या कामाबद्दल पूर्वी दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हटलं. कोइंबतूरहून एक स्थळ आलं होतं. माणूस सालस होता, हसताना मान खाली घालायचा, म्हणाला, वडिलांना घेऊन या. अप्पा उरैयूर सोडणार नाहीत असं मीच सांगून टाकलं, अप्पांना न विचारता. त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. इडलीचं भांडं उघडताना वाफ तोंडावर आली की कधीकधी तो आठवतो, का ते माहीत नाही. पण मनात कडवटपणा नव्हता. हात गेला होता, तो माझ्यामुळे गेला होता, आणि ज्याचा गेला तो माणूस मला रोज सकाळी डाव्या हाताने नारळ खवून चटणी करून देत होता. हे माझ्या बाजूने सरळ होतं. आता रेजिना मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं होतं. चेन्नैला जुन्या इजांचं नवं टेबल सुरू व्हायचं होतं, चाळीस माणसं, आणि त्यांची प्रमुख मी. 'शेंबगम, शुक्रवारी सांग,' त्या म्हणाल्या होत्या, 'या वेळी नाही म्हणालीस तर चौथ्यांदा विचारायला मी इथे नसेन.' नाही म्हणण्याआधी अप्पांचा हात एकदा दाखवून घ्यावा, अलीकडे त्यांना झोपेत कळा येतात, आणि डॉक्टर काय म्हणतात ते मॅडमना सांगता येईल, म्हणून मी बुधवारी सकाळी त्यांना सेल्वनायगमांकडे नेलं होतं. खरं सांगायचं तर नाही म्हणायला कागद हवा होता. मिळाला तो हा.

संध्याकाळी घरी आले तेव्हा अप्पा ओट्याखाली पाट मांडून खवणीवर बसले होते. नारळाची वाटी डाव्या हातात, उजवा हात मांडीवर निवांत. गेली कित्येक वर्षं मी त्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं की लगेच नजर दुसरीकडे न्यायची. आज मी त्याची लांबी बघत होते. खरंच दोन बोटं. इतकं सरळ दिसत होतं की लाज वाटली. मनात आलं, विचारूच नये. कागद पिशवीत आहे, पिशवी खुंटीला लावावी, भात टाकावा. शुक्रवारी नाही म्हणावं, जसं दोनदा म्हटलं तसं; नाही म्हणायची मला सवय आहे, त्यात मी सुखी आहे. पण मग ही मांडी, हा हात, ही खाली ठोकलेली खुंटी, हे सगळं कशाचं उरलेलं आहे तेच मला ठाऊक नसेल, आणि ठाऊक नसताना मी जोडलेलं असेल. मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले.

'अप्पा, एक विचारते. चार पर्याय देते, त्यातला एक सांगायचा.'

'परीक्षा आहे का?'

'आहे समजा. उजवा हात कशामुळे गेला? एक, लहानपणीच्या मारामुळे. दोन, आडीतल्या त्या दिवशी घाटावर. तीन, दुसरं काही. चार, सांगता येत नाही.'

खवणी थांबली. अप्पांनी वाटीत बोट फिरवून उरलेलं खोबरं चाचपलं. 'पाचवा नाही?'

'पाचवा कसला?'

'सांगायचं नाही.'

'तो आमच्या फॉर्मवर नसतो.'

'अमेरिकेचा फॉर्म,' अप्पा म्हणाले. बाहेर कोणीतरी नळावर घागर आपटली. 'एक,' ते म्हणाले.

उत्तर तोंडात घालायचं नसतं.

'गावाला असताना. बारा वर्षांचा होतो. शेजारी पिळ्ळै म्हणून होते, त्यांच्या परसात फणसाचं झाड होतं.'

'त्यावरून पडलात?'

'फणसासकट पडलो. एवढा होता.' त्यांनी डाव्या हाताने दाखवलं, वाटीसकट. 'खाली उतरवणार कसा हा विचार मी वर गेल्यावर केला. फणसाला काही झालं नाही. हाड बांधणाऱ्याने अंड्याचा बलक लावून बांबूच्या कामट्या बांधल्या, त्या वाकड्या बांधल्या. हात तेव्हापासून असाच. गाव मला फणश्या म्हणायचं. मास्तर हजेरी घ्यायचे तरी फणश्या. गाव सोडलं त्याचं एक कारण ते.'

मला हसू आलं. ते मला यायला नको होतं, म्हणून मी ओठ दाबून धरले. मला कधी गावाला का नेलं नाही ते आता कळलं.

'इथे उरैयूरला कोणाला पत्ता नव्हता. लांब बाह्या घालायचो, खुर्चीत बसायचो, टाइपिंगला हात वर न्यावा लागत नाही. मग तू घाटावरून पडलीस. हात महिनाभर झोळीत. लोकांचं पहिल्यांदाच लक्ष गेलं त्याच्याकडे, आणि गल्ली म्हणायला लागली, पोरीसाठी हात दिला. मी तुझ्या आईला म्हटलं, यांना सांगायला हवं. ती म्हणाली, राहू दे, चांगलं दिसतं.' अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. 'तूच सांग. फणसचोर म्हणून बरं की ते बरं?'

'मला तरी सांगायचं!' माझा आवाज चढला. 'बत्तीस वर्षं, अप्पा! मी सगळे खिळे खाली ठोकले!'

'खिळ्यांचं बरंच झालं. हात तर खरंच वर जात नाही.'

'चेन्नैला दोनदा नाही म्हटलं मी. कोइंबतूरला नाही म्हटलं. तुम्हाला तेव्हाही वाटलं नाही, सांगावं हिला?'

'मला वाटलं तुला इथलंच आवडतं.'

'मला वाटलं तुम्हाला मी लागते!'

'लागतेसच,' अप्पा म्हणाले. 'त्यासाठी हात कशाला मोडायला हवा?'

राग होता, चांगला तापलेला होता, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं, कारण समोरचा माणूस नारळाची वाटी मांडीवर धरून माझ्याकडे असा बघत होता, की पान फाडायला मी सांगितलं असतं तर त्याने फाडलं असतं. बत्तीस वर्षं मी ज्या गोष्टीखाली वाकले ती नव्हतीच. मग मी कोणासाठी वाकले होते? आरशासाठी? मला एकदम हलकं वाटलं आणि त्याच वेळी काहीतरी हातातून गेल्यासारखंही वाटलं. तो दिवस माझा होता. माझ्यासाठी कोणी हात दिला होता, ही गोष्ट लहानपणापासून माझ्याजवळ होती. शाळेत मुली आपापल्या वडिलांच्या गाड्या सांगायच्या तेव्हा मी हे सांगायचे. आता तीही गेली, फणसाबरोबर.

'मग त्या दिवशी मला धरलं कोणी?' मी विचारलं. पर्याय वगैरे दिले नाहीत. 'डाव्या हाताने धरलंत?'

'डाव्यात तुझी आई होती. पाण्यात पाय घातला की ती माझा हात सोडायची नाही, भित्री. उजव्यानेच धरलं.'

'पण मी वरच्या ओट्यावरून पडले. तुम्ही खाली होतात.'

'हो.'

'हात वर जात नव्हता ना?'

'नव्हता,' अप्पा म्हणाले. 'वीस वर्षं गेला नव्हता. त्या दिवशी गेला. पार वर, कानाला लागून, सरळ. कसा गेला मला ठाऊक नाही. मी तुला बघितलं आणि तो गेलेलाच होता. तू हातात आलीस, मग काहीतरी फाटल्यासारखं झालं, आणि मग तो खाली आला.' त्यांनी मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. 'नंतर मी खूपदा करून पाहिलं. न्हाणीघरात, दार लावून. एकदा गेला म्हणजे पुन्हा जायला हवा ना? नाही गेला.'

मी त्यांचा तो हात मांडीवरून उचलून घेतला. जड होता, उबदार होता, नखांत खोबऱ्याचा कीस होता. मी रडले, सरळ रडले, त्यांच्या आखूड बाहीला तोंड लावून. आणि अप्पा डाव्या हाताने, वाटी खाली ठेवायचं विसरून, माझी पाठ थोपटत राहिले. शर्टभर खोबरं झालं. मग मी तोंड पुसलं आणि म्हटलं, 'शुक्रवारी मी हो म्हणणार आहे. चेन्नैला.'

'म्हण.'

'एकटे राहाल?'

'कादर आहे, गल्ली आहे. खिळे खालीच आहेत. शर्ट घालायला वेळ लागेल, मला घाई कुठली?' ते पुन्हा खवणीकडे वळले, मग थांबले. 'फक्त एक कर. जाताना गल्लीत कोणाला ते फणसाचं सांगू नकोस.'

'आणि कोणी विचारलं, हात कशामुळे गेला, तर?'

'तुझ्यामुळे म्हणून सांग,' अप्पा म्हणाले. 'मला ते आवडतं.'

मी बरं म्हटलं, आणि शुक्रवारची वाट न बघता रेजिना मॅडमना तिथेच जमिनीवर बसून फोन लावला.